बुद्धिबळपटू मीर सुलतान खान



मीर सुलतान खान यांचा जन्म पंजाबमधील मिठा तिवाना या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना बुद्धिबळ शिकवले, पण देशी नियमांचे. त्या नियमांत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते आणि डाव सावकाश उभा राहतो. युरोपात मात्र केवळ डावाच्या सुरुवातीवर ग्रंथ लिहिले गेले होते. सुलतान खान यांना इंग्रजी जेमतेमच येत असे. ते ग्रंथ त्यांच्या उपयोगाचे नव्हते.

सर उमर हयात खान यांनी त्यांचा गुण हेरला, विलायती नियम शिकण्याची सोय केली आणि १९२९ साली त्यांना लंडनला नेले. त्याच वर्षी ते ब्रिटिश अजिंक्यवीर झाले. १९३२ व १९३३ सालीही तो मान त्यांनाच मिळाला.

डिसेंबर १९३० मध्ये हेस्टिंग्ज येथे त्यांची गाठ माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्याशी पडली. मित्रांनो, हा डाव पट मांडून अवश्य अभ्यासा. पाचव्या चालीला सुलतान खान यांनी वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे एकच घर सरकवले. चाल साधी दिसते. पण तिने काळ्या उंटाची पुढे येण्याची जागा रोखली. हीच कल्पना पुढे जगज्जेते पेट्रोशियन यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. मग सुलतान खान यांनी वजीर देऊन दोन हत्ती घेतले आणि धीराने खेळत ६५ चालींत डाव जिंकला.

१९३३ च्या अखेरीस आश्रयदात्यांबरोबर ते मायदेशी परतले आणि युरोपातील स्पर्धांचा मार्ग बंद झाला. उरलेले आयुष्य त्यांनी शेतीवाडीवर काढले. आपल्या मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही. काही अधिक उपयोगाचे करा, असाच त्यांचा सल्ला असे. १९६६ साली ते निवर्तले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

पालकहो, गुण ही अल्लाहची देणगी आहे. सुलतान खान यांच्यापाशी ती विपुल होती. पण पुढचा मार्ग दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिला. आपल्या मुला-मुलींत एखादा गुण दिसला तर त्याला गुरू द्या, पुस्तक द्या आणि शाळा मध्येच सोडू देऊ नका. शिकलेले मूल आपला मार्ग स्वतः शोधू शकते.