वसंत बापट : वर्ग, व्यासपीठ आणि कविता

वसंत बापट (१९२२–२००२) यांच्या कवितेचा विचार बहुधा राष्ट्रीय बाण्याची कविता आणि प्रेमकविता अशा दोन कप्प्यांत केला जातो. त्यांच्या जीवनक्रमाकडे पाहिले असता मात्र या दोन्हींना जोडणारा दुवा आढळतो : समोर बसलेला श्रोता.

कऱ्हाड येथे जन्मलेल्या विश्वनाथ वामन बापट यांची घडण साने गुरुजी आणि राष्ट्र सेवा दल यांच्या संस्कारांत झाली. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी कारावास भोगला. पुढे ते अध्यापनासाठी मुंबईत आले. वांद्र्याच्या नॅशनल महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ शिकविले. साहित्य सहवास या लेखकांच्या वसाहतीतील घरही वांद्र्यातच. उपनगरांच्या या वेशीवरून वर्ग, लेखन आणि प्रवास अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा चाले.

या यात्रेचा ऐन हंगाम हिवाळा. दिवाळीनंतर महाविद्यालयांचे दुसरे सत्र सुरू होते. त्याच सुमारास गावोगावी खरिपाची सुगी आटोपलेली असते आणि कोरड्या रात्री उघड्यावर मंडप घालता येतो. स्नेहसंमेलने, व्याख्यानमाला आणि साहित्यसंमेलने याच काळात दाटीने येतात. सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहिताना गाता येईल, उच्चारताच पोहोचेल असा शब्द बापटांना शोधावा लागला. विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांच्यासमवेत त्यांनी महाराष्ट्रभर केलेल्या काव्यवाचनाने हीच दृष्टी अधिक सूक्ष्म केली. तेथे वाद्यांची साथ नव्हती. आवाज, यती आणि आघात यांवरच कवितेला उभे राहावे लागे.

अशा कवितेवर सभारंजनाचा आक्षेप येणे स्वाभाविक होते. टाळीच्या अपेक्षेने अर्थ सुलभ होतो, हा धोका खराच. ‘बिजली’ (१९५२) मधील आवेशात तो जाणवतो. तथापि ‘सेतु’ (१९५७) आणि ‘अकरावी दिशा’ (१९६२) यांपासून ‘मानसी’ (१९७७) पर्यंत खासगी भावानुभवाला अधिकाधिक अवकाश मिळत गेला. नादाचे भान कायम राहिले. त्याचा रोख समूहाकडून एकट्या मनाकडे वळला. ‘बारा गावचं पाणी’ (१९६७) हे प्रवासलेखनही बोलक्या गद्याचा प्रत्यय देते. १९७४ नंतर मुंबई विद्यापीठाच्या टागोर अध्यासनात त्यांनी तौलनिक साहित्याभ्यासाचे अध्यापन केले. पुढे ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादनही सांभाळले.

फेब्रुवारी १९९९ मध्ये मुंबईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. शासकीय अनुदान आणि लेखकाचे स्वातंत्र्य यांवरून त्या वेळी वाद पेटला होता. बापटांनी स्वातंत्र्याची बाजू निःसंदिग्धपणे मांडली. श्रोत्यांना आयुष्यभर रिझविणारा हा कवी श्रोत्यांच्या वा सत्तेच्या मर्जीवर अवलंबून नव्हता, हे तेथे स्पष्ट झाले. त्यांची लोकाभिमुखता आणि लोकानुनय यांतील अंतर मोजण्यासाठी हा प्रसंग त्यांच्या कवितेइतकाच महत्त्वाचा ठरतो.