बुद्धांनी घर का सोडले? कारण शोधणारे धर्मानंद कोसंबी

दापोरा (जि. बुऱ्हाणपूर) : डोळ्यांना दिसले, म्हणून तेच खरे कारण का? आपल्या दर्शनांतला हा वाद फार जुना. सांख्य म्हणतात, घडा मातीत आधीपासूनच असतो. नैयायिक म्हणतात, तो नव्यानेच तयार होतो. बौद्धांचे म्हणणे वेगळे : एकटे कारण नसतेच, अनेक गोष्टी जुळून याव्या लागतात. ही तिसरी बाजू साध्या मराठीत घरोघरी पोहोचवली ती धर्मानंद कोसंबींनी.

जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातले साखवाळ. शाळा जेमतेम. मासिकात बुद्धांविषयी वाचले अन् ओढ लागली. १८९९ मध्ये बायको आणि लहान मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे फिरत सिलोन गाठले आणि १९०२ मध्ये तिथे दीक्षा घेतली. पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. हार्वर्डला जाऊन 'विशुद्धिमार्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले.

पाली ग्रंथांत पाहण्याची क्रिया उलगडून सांगितली आहे. डोळा आहे, समोर केळीचा घड आहे, पण मन तिकडे नसेल तर दिसत नाही. तिन्ही जुळले की 'स्पर्श', त्यातून बरे-वाईट वाटणे, त्यातून हाव. म्हणजे नुसते दिसणे पुरत नाही.

हीच कसोटी कोसंबींनी बुद्धचरित्राला लावली. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून राजपुत्र रातोरात निघाला, असे आपण ऐकत आलो. पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे त्यांना पटेना. जुनी सुत्ते चाळली, तर त्यात आई-वडील रडत असताना घर सोडल्याचे आढळले. माणसे एकमेकांवर शस्त्र उगारतात, याची भीतीही तिथे सापडली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. कोसंबींनी गृहत्यागाचा धागा या भांडणाशी जोडला. पाण्याचे भांडण काय असते, हे तापीकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ १९४०-४१ मध्ये आला. श्रद्धेची गोष्ट अशी तपासणे अनेकांना रुचले नाही, तरी ते पुराव्यावर ठाम राहिले. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला उपोषण करून त्यांनी देह ठेवला. दहा वर्षांनी डॉ. आंबेडकरांचा बुद्धांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातही गृहत्यागाचे कारण रोहिणीचे पाणीच आहे.