विश्लेषण : वर्तुळाचा पेच आणि हॅस्केल करी

‘हॅस्केल’ या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत दोन मोड्यूल एकमेकांवर अवलंबून असली, की तिचा ‘जीएचसी’ हा कम्पायलर तक्रार करून थांबतो. ज्यांचे नाव या भाषेला दिले, त्या तर्कशास्त्रज्ञाचे आयुष्यही अशाच वर्तुळाशी झुंजण्यात गेले.

कोण होते हॅस्केल करी?

करी यांचा जन्म १२ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतील मिलिस येथे झाला. आईवडील वक्तृत्वाची शाळा चालवत. वैद्यक शिकायला हार्वर्डमध्ये गेलेले करी गणिताकडे वळले. १९३० मध्ये त्यांनी जर्मनीतील गॉटिंगेन येथे डॉक्टरेट मिळवली. पुढे १९६६ पर्यंत ते पेनसिल्व्हेनिया स्टेटमध्ये शिकवत होते.

धक्का कोणता बसला?

चलांशिवाय, केवळ काही मूलभूत क्रियांच्या जोडणीतून तर्कशास्त्र उभारण्याचा त्यांचा प्रयत्न होता. १९३५ मध्ये क्लीनी आणि रॉसर यांनी त्यांच्या मांडणीतील विसंगती दाखवून दिली. करी यांनी काम सोडले नाही, दोषाचे मूळ शोधले. ‘हे विधान खरे असेल, तर चंद्र चौकोनी आहे’ अशा, स्वतःवरच टेकलेल्या विधानातून काहीही सिद्ध करता येते, हे त्यांनी १९४२ मध्ये दाखवले.

मग वर्तुळ टाकून दिले?

नाही. विरोधाभास घडवणारी तीच रचना ‘वाय कॉम्बिनेटर’ म्हणून ओळखली जाते. फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची शक्ती तिच्यातून मिळते. धोका आणि शक्ती एकाच ठिकाणी आहेत. कशाला काय लागू करता येईल हे आधीच ठरवणारे ‘टाइप’ त्या शक्तीला आवर घालतात. टाइपचा अभ्यासही करी यांनी १९३४ पासून केला.

मोड्यूलचा पेच कसा सुटतो?

‘ग्राहक’ मोड्यूलला ‘ऑर्डर’चा टाइप हवा आणि ‘ऑर्डर’ला ‘ग्राहक’चा, तर आधी कोणते कम्पाइल करायचे? सोपा मार्ग म्हणजे दोन्ही टाइप तिसऱ्या मोड्यूलमध्ये हलवणे. ते जमत नसेल, तर एका मोड्यूलसाठी ‘बूट फाइल’ लिहितात. तिच्यात फक्त टाइप आणि फंक्शनच्या सह्या, म्हणजे त्यांचे घोषित टाइप, असतात. प्रत्यक्ष काम नसते. जीएचसी त्यावर भिस्त ठेवून पुढे जातो आणि खरे मोड्यूल त्याच्याशी जुळते का, हे नंतर तपासतो. म्हणजे इथेही वर्तुळ उघडते ते आधी जाहीर केलेल्या टाइपमुळेच.

करी यांचे १ सप्टेंबर १९८२ रोजी निधन झाले. भाषेचे काम १९८७ मध्ये सुरू झाले आणि पहिला अहवाल १९९० मध्ये आला. आपल्या नावाची भाषा त्यांना पाहता आली नाही.