वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२ – ८ एप्रिल १९५३) हे बांधकाम, जहाजवाहतूक, साखर, विमान आणि मोटार या क्षेत्रांत कंपन्या उभारणारे भारतीय उद्योजक होते. जहाज व विमान उद्योगाचे प्रवर्तक म्हणून त्यांची ख्याती अधिक असली, तरी या विस्ताराचा पाया बांधकामाच्या कंत्राटांनी घातला होता, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

कंत्राटदारीची सुरुवात

वालचंद यांचा जन्म सोलापूर येथे गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. मुंबई व पुणे येथील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या पेढीवर आले. परंतु सावकारी आणि कापसाच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. पूर्वी रेल्वेत कारकून असलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बार्शी–तडवळे मार्गाचे काम घेतले. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती होती, तर वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची हातोटी होती. मोठी सरकारी कामे त्या काळी बहुधा इंग्रज कंपन्यांकडेच जात. १९२० मध्ये टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाल्यावर ही कोंडी फुटली.

भोर घाट

त्यांच्या कामांत भोर घाटातील बोगद्यांचे स्थान विशेष आहे. १८६३ च्या जुन्या मार्गावर खंडाळ्याजवळ गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे लागे व गाडी उलट दिशेने पुढे नेली जाई. हा अडथळा टाळण्यासाठी काळ्या बसाल्ट खडकातून नवे बोगदे खोदण्यात आले आणि १९२९ मध्ये सलग मार्ग सुरू झाला. नवी मुंबईतून पनवेलमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्याही कर्जतनंतर याच घाटातून जातात. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीचे आणि सिंधू नदीवरील कालाबाग पुलाचे कामही त्यांच्या कंपन्यांनी केले. आज हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी या नावाने ओळखली जाणारी संस्था १९२६ ची आहे.

इतर उद्योग

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्यासमवेत त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्याच वर्षी ५ एप्रिलला तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले. कारखान्यासोबत कामगारांसाठी गाव वसवण्याची ही कल्पना बांधकाम व्यावसायिकालाच सुचावी अशी होती. १९२७ मध्ये त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली.

बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट (१९४०) आणि विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदी (१९४१) या दोन्ही प्रकल्पांची सुरुवात त्यांनी केली. विमान कारखाना महायुद्धाच्या काळातच, १९४२ मध्ये, सरकारने घेतला. गोदीचे नियंत्रण १९५२ मध्ये सरकारकडे गेले. बांधकामाची कंपनी मात्र खासगी क्षेत्रातच राहिली.

१९४९ मध्ये पक्षाघात झाल्यावर वालचंद व्यवसायातून निवृत्त झाले. गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.