तामणाची नोंद आणि कोचीचा कमांडर

आंबोलीला तुम्ही जाता ते जुलै-ऑगस्टमध्ये. धबधबा, भजी, रील, परत. एकदा मे महिन्यात जा. सावंतवाडीहून घाटाकडे निघालात की ओढ्याकाठी नाहीतर कुणाच्या आवारात जांभळ्या तुऱ्यांनी लगडलेलं झाड दिसेल. ते तामण, आपलं राज्यपुष्प. पाकळ्या चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या, बहुधा सहा, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. फुलं सरली की टणक बोंडं येतात, ती तडकली की पंखवाल्या बिया वाऱ्यावर सुटतात. वर जंगलात त्याचा भाऊबंद नाणा भेटतो, पांढऱ्या फुलांचा.

शोभेचं झाड म्हणून शहरांत तामण लावतात. पण युरोपात छापलेल्या वनस्पतींच्या एका प्रचंड ग्रंथात ते सतराव्या शतकातच पोचलं होतं. पोचवणारा माणूस ना वैद्य होता ना प्राध्यापक. तो होता डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी, हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड.

जन्म १६३६ चा, नेदरलँड्सचा. आईवडील लहानपणीच गेले. विशीत कंपनीत भरती होऊन तो पूर्वेला आला. याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगिजांकडून कोची घेतलं त्या लढाईत तो होता, आणि १६७० च्या सुमारास तिथला कमांडर झाला. साधुसंत वगैरे समजू नका हं, मिरीचा मक्ता राखणं हीच त्याची नोकरी होती. वरिष्ठांशी मात्र त्याचं जमेना. त्यांचा कल सिलोनकडे, याचा मलबारकडे. त्यातच कंपनीच्या दवाखान्यांना औषधं जहाजानं युरोपातून यायची, पोचेपर्यंत नासलेली. त्यांतली काही मुळात याच मुलखातली! मग इथल्या झाडांची नोंद का करू नये? मलबारची किंमत वरिष्ठांना पटवण्याचा हाही एक मार्ग होताच.

त्यानं माणसं लावली. कुणी फांद्या, फुलं, फळं आणायचं, कुणी चित्रं काढायचं, कुणी लॅटिनमध्ये मजकूर बसवायचं. पण झाडाचं नाव काय, औषध कशावर, हे सांगणार कोण? एक होते मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन. आणि तिघे कोंकणी: रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. पोर्तुगीज राजवटीच्या जाचामुळे गोवा सोडून कोचीकडे गेलेल्या समाजातले हे लोक. आपण काय काम केलं याची ग्वाही त्यांनी २० एप्रिल १६७५ रोजी लिहून दिली, कोंकणीत, नागरी लिपीत. ऱ्हीडनं ती ग्रंथाच्या पहिल्याच खंडात छापली. माहिती घेऊन नाव गाळणं त्याला सहज जमलं असतं, विचारणारं कोण होतं?

१६७८ पासून ‘हॉर्टस मलबारिकस’ अ‍ॅमस्टरडॅमला छापायला लागला. बारा खंड, ७४२ वनस्पती. तामण चौथ्या खंडात आहे, ‘अदांबो’ या मलबारी नावानं. पुढे लिनियसनं हा ग्रंथ भरपूर वापरला. तामणाच्या जातकुळीला त्यानं १७५९ मध्ये नाव दिलं लॅगरस्ट्रोमिया, स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक असलेल्या आपल्या मित्राचं. आपली माणसं पहिल्या खंडात राहिली, झाडाला चिकटला संचालक.

औषधाचं पुढे काय झालं? फिलिपिन्समध्ये तामणाला बनाबा म्हणतात आणि मधुमेहावर त्याच्या पानांचा चहा पितात. पानांत कोरोसोलिक आम्ल असतं. पेशींनी रक्तातली साखर उचलायला ते मदत करतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांवरच्या चाचण्याही झाल्यात, पण छोट्या. म्हणून आजोबांची गोळी बंद करून त्यांना तामणाचा काढा द्यायला जाऊ नका.

ऱ्हीडला सगळे खंड बघायला मिळाले नाहीत. कंपनीतला भ्रष्टाचार खणून काढायला त्याला पुन्हा हिंदुस्थानात पाठवलं होतं. १५ डिसेंबर १६९१ ला कोचीहून सुरतेला जाताना, मुंबईजवळ, जहाजावरच तो वारला. सुरतेत त्याची मोठी कबर आहे. शेवटचा खंड १६९३ मध्ये आला.

पहिला खंड आता इंटरनेटवर फुकट बघता येतो. लॅटिन पानं भराभर सरकवा आणि त्या नागरी पानावर थांबा. वळण जुनं आहे, अक्षरं लावत बसावं लागेल.