टाकून दिलेले ६०६

माझ्या मामांना क्षय झाला. बरे वाटू लागताच त्यांनी गोळ्या मध्येच सोडल्या. दुखणे उलटले, आणि या खेपेस नेहमीच्या औषधांना जंतू दाद देईनात. डॉक्टरांनी नव्याने लिहून दिलेल्या औषधांत क्लोफाझिमिन होते. ते कुष्ठरोगाचे औषध, असे कोणीतरी सांगितले आणि आजी रडायलाच बसली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. तेव्हा खुलासा करण्याचे काम माझ्याकडे आले. ग्रंथालयात शोधता शोधता मला पॉल एर्लिख भेटले.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वैद्यक शिकताना त्यांना रंगांचे वेड लागले. निरनिराळे रंग पेशींवर टाकून ते सूक्ष्मदर्शकातून पाहत बसत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, तेव्हा तो रंगविण्याची सुधारलेली रीत एर्लिख यांनी काढली. थुंकी तपासण्याची पुढची पद्धत तिच्यातूनच निघाली. नंतर त्यांना स्वतःलाच क्षयाने गाठले. १८८८ मध्ये ते इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले.

रंग जर जंतूला नेमका चिकटतो, तर तो त्याला मारणार का नाही? हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १८९१ मध्ये त्यांनी मिथिलीन ब्ल्यू हा रंग हिवतापाच्या दोन रुग्णांना दिला आणि गुण आला. रंगाचे औषध झाले!

पुढे फ्रँकफुर्टच्या संस्थेत ते निद्रारोगाच्या जातीच्या जंतूंवर उंदरांत प्रयोग करू लागले. तेथे एक विपरीत गोष्ट दिसली. औषध पुन्हा पुन्हा देऊनही जे जंतू उरत, ते त्या औषधाला जुमानीनासे होत. त्यांची पिलावळही तशीच निपजे. म्हणून घाव घालायचा तो पुरता, अर्धवट नव्हे, असे त्यांचे मत झाले. हे वाचताना मला मामांच्या सोडलेल्या गोळ्या आठवल्या.

१९०८ मध्ये त्यांना मेचनिकॉफ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांची खरी कीर्ती पुढेच होती. सोमलापासून बनविलेले ६०६ क्रमांकाचे संयुग १९०७ मध्ये निरुपयोगी ठरून बाजूला पडले होते. १९०९ मध्ये जपानचे साहाचिरो हाता त्यांच्याकडे आले. एर्लिख यांनी त्यांना जुनीच संयुगे उपदंशावर नव्याने तपासायला लावली, आणि टाकून दिलेले ६०६ लागू पडले! १९१० मध्ये ते साल्व्हर्सान नावाने बाजारात आले. औषध जहाल होते. काहींना अपाय झाला, एर्लिख यांच्यावर आरोपही झाले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

क्लोफाझिमिनची कथाही अशीच आहे. १९५० च्या दशकात डब्लिनमध्ये ते बनले ते क्षयासाठीच. तेथे ते फारसे चालले नाही, कुष्ठरोगावर मात्र चालले; आणि आता हट्टी क्षयावर इतर औषधांच्या जोडीने ते परत आले आहे. आजीला मी एवढेच सांगितले, की हे औषध परक्या घरचे नाही, माहेरी परतले आहे.

त्या औषधाने मामांची कातडी काळवंडली आहे. अजून बरेच महिने जायचे आहेत. पण आता ते एकही गोळी चुकवीत नाहीत.

— द्वितीय वर्ष, कला