किहीमच्या किनाऱ्यावर घडलेला पक्षितज्ज्ञ

थंडीची चाहूल लागली, की दुर्बिणी गळ्यात अडकवून मुंबईतील पक्षिप्रेमी एका दिवसासाठी अलिबाग, उरणचा किनारा गाठतात. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत चोची खुपसणारे चिखल्या आणि तुतारी पक्षी हजारो मैलांवरून आलेले असतात. या पाहुण्यांकडे शास्त्रीय नजरेने पाहण्याची सवय भारतीयांना ज्यांनी लावली, त्या डॉ. सलीम अली यांच्या आयुष्यालाही याच किनाऱ्यावर कलाटणी मिळाली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम यांचे आईवडील ते अगदी लहान असतानाच वारले. गिरगावातील खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावरील पिवळ्या डागाने त्यांचे कुतूहल जागे केले. ती चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेला आणि तेथील पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या संग्रहाने भारावून गेला.

मात्र पक्ष्यांवर पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. ब्रह्मदेशातील खाण आणि लाकूड व्यवसायात यश आले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पुढे जर्मनीत जाऊन त्यांनी बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली धडे घेतले. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्रही ते शिकले.

१९३० मध्ये ते परतले, तेव्हा निधीअभावी त्यांचे पदच रद्द झालेले होते. हाताशी उच्च प्रशिक्षण, पण नोकरी नाही, अशा विचित्र कोंडीत ते सापडले. पत्नी तेहमिना मात्र डगमगल्या नाहीत. शहराचा खर्च परवडेना म्हणून दोघे किहीमला किनाऱ्यालगतच्या घरात राहायला गेले. तेथे सुगरणींची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास तिचे निरीक्षण करू लागले. नर अर्धवट खोपा विणतो, मादी तो पारखून पसंत करते आणि मग नर दुसऱ्या खोप्याच्या आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हे त्यांनी टिपले. या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. त्यानंतर हैदराबादसह अनेक संस्थानांच्या पक्षिगणनेची कामे त्यांच्याकडे आली.

१९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. या आघातानंतर त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन आले.

हेल्गोलँडचे शिक्षण कामी आले ते खूप नंतर. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात माकडतापाची साथ आली. त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो आला असावा, असा संशय होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. संशयाला ठोस पुरावा मिळाला नाही. पण पाहुणे पक्षी कोठून येतात, कोठे जातात, याची मौल्यवान माहिती हाती आली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडिक्कराई हे या कामाचे महत्त्वाचे केंद्र ठरले. त्या परिसराचे महत्त्व सलीम अली यांनी आधीच ओळखले होते. १९६७ मध्ये तेथे अभयारण्य झाले.

डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९७६ मध्ये पद्मविभूषण, तर १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना मिळाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या माणसासाठी एकेकाळी एका नोकरीपुरताही पैसा उपलब्ध नव्हता, त्याच्या नावाने १९९० मध्ये कोइमतूर येथे पक्षिविज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.